विश्लेषण : गुरूने कॅमेरा घडवला, शिष्यांनी ‘प्रभात’… मग बाबूराव पेंटर मागे का पडले?

कोल्हापुरात खरी कॉर्नर परिसरात कॅमेऱ्याचे एक स्मारक आहे. रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात. ३ जूनला चित्रपटप्रेमी तिथे जमतात, हार घालतात, भाषणे होतात आणि पुन्हा वर्षभर शांतता. हा मान आहे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचा. दादासाहेब फाळके आणि व्ही. शांताराम ही नावे शाळकरी मुलांनाही माहीत असतात. त्या दोघांच्या मधला दुवा असलेले बाबूराव मात्र कोल्हापूरबाहेर फारसे कुणाला आठवत नाहीत. ज्यांच्या हाताखाली ‘प्रभात’चे संस्थापक घडले, ज्यांनी मूकपटांच्या काळात शेतकऱ्याच्या कर्जाची गोष्ट पडद्यावर आणली, त्यांचे नाव असे मागे का पडले, त्याचा हा वेध.

मेस्त्रींचे ‘पेंटर’ कसे झाले?

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. लाकूड, लोखंड, हस्तिदंत, रंग अशा सगळ्या माध्यमांत त्यांचा हात चाले. बाबूरावांचे शालेय शिक्षण फार झाले नाही आणि कलाशाळेचा उंबरठाही त्यांनी ओलांडला नाही. जे शिकले ते घरात, वडिलांचे हात पाहून आणि स्वतः करून.

नात्याने भाऊ असलेले आनंदराव हे त्यांचे जोडीदार. तो काळ संगीत नाटकांच्या वैभवाचा होता. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, देवालय हे सारे रंगवलेल्या पडद्यांवर उभे राहायचे. पडदा उघडताच टाळ्या पडाव्यात, अशी नाटक मंडळींची अपेक्षा असे. १९१० ते १९१६ या काळात असे पडदे रंगवणाऱ्यांत या दोघांचे नाव पश्चिम भारतात आघाडीवर होते. मराठी मंडळींप्रमाणे गुजराती-पारशी रंगभूमीसाठीही त्यांनी पडदे केले. या धंद्यातूनच मेस्त्री आडनाव मागे पडले आणि ‘पेंटर’ हेच दोघांचे आडनाव होऊन बसले.

सिनेमाचे वेड कुठून लागले?

३ मे १९१३ रोजी मुंबईत फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. आपल्या माणसाने, आपल्या मातीत, आपली कथा हलत्या चित्रांत आणली, याचे आकर्षण या दोन चित्रकारांना वाटणे स्वाभाविक होते. पडद्यावर रंगवलेली नदी कितीही हुबेहूब असली तरी ती वाहत नाही. सिनेमातली नदी वाहत होती.

दोघांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे एक यंत्र मिळवले आणि चित्रपटांचे खेळ सुरू केले. धंदा हे निमित्त होते. खरा हेतू होता, हे प्रकरण चालते कसे हे समजून घेणे. प्रत्येक खेळ त्यांच्यासाठी शिकवणी होता. दाखवण्याचे यंत्र उमगल्यावर पुढचा प्रश्न आला, चित्र टिपायचे कसे? परदेशी कॅमेरा महाग होता आणि पहिले महायुद्ध सुरू झाले होते. तेव्हा कॅमेरा आपणच करायचा, असे या दोघांनी ठरवले.

कॅमेरा बनवणे इतके अवघड का होते?

आज खिशातला फोन काढला की चित्रीकरण सुरू होते. त्यामुळे या हट्टाचे मोल चटकन ध्यानात येत नाही. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फिल्मची पट्टी सरळ सरकत नाही. ती एक चौकट पुढे जाते, क्षणभर अगदी स्थिर थांबते, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत येतो, झडप बंद होते आणि पुढची चौकट खेचली जाते. मूकपटांच्या काळात साधारणपणे सेकंदाला १६ वेळा हे व्हायचे आणि तेही हाताने दांडा फिरवून. पट्टीच्या कडेच्या भोकांत अडकणारे दाते केसभर चुकले, तरी चित्र थरथरते किंवा पट्टी फाटते. प्रकाशाची एक तिरीप आत शिरली, तर सगळी मेहनत काळी पडते.

घड्याळजीची नजर आणि लोहाराचा हात, दोन्ही लागणारे हे काम होते. ते चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. जोडीतला निम्मा भाग गळून पडला. बाबूरावांनी काम सोडले नाही. यंत्रांत विलक्षण गती असलेले शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन त्यांनी १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा उभा केला. खरी कॉर्नरला आज ज्याचे स्मारक दिसते, त्यामागे ही गोष्ट आहे.

महाराष्ट्र फिल्म कंपनी कशी उभी राहिली?

कॅमेरा झाला, पण पैसा नव्हता. सुरुवातीच्या भांडवलासाठी मदतीला आल्या कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर. ज्या धंद्याचा काही भरवसा नव्हता, त्यात एका गायिकेने आपली पुंजी घातली, ही बाब आवर्जून नोंदवायला हवी. कुस्ती, गाणे, नाटक, चित्रकला या साऱ्यांना आधार देणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांचे पाठबळही मिळाले.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही कारखान्यापेक्षा तालमीसारखी होती. वस्ताद एक आणि पठ्ठे अनेक. तिथे एकाच कामाला चिकटून राहण्याची सोय नव्हती. सेट रंगवायचा, सुतारकाम करायचे, फिल्म धुवायची, वेळ पडली तर दाढीमिशा लावून कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे. दामले आणि फत्तेलाल तिथे आधीपासून होते. बाबूराव पेंढारकर व्यवस्था पाहत. त्यांच्याच ओळखीने १९२० मध्ये त्यांचा मावसभाऊ, एक पोरगेला तरुण, कंपनीत आला. पडेल ते काम करणारा हा तरुण म्हणजे शांताराम वणकुद्रे, पुढचे व्ही. शांताराम.

‘सैरंध्री’ने काय साधले?

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. अज्ञातवासातल्या द्रौपदीवर डोळा ठेवणारा कीचक आणि त्याचा वध करणारा भीम, ही महाभारतातली कथा. मराठी प्रेक्षकाला तिचा दुसरा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात लोकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले होते आणि सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली होती. दहा वर्षांनी तीच कथा पडद्यावर आली. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके अंगावर येणारे होते, की सेन्सॉरची वक्रदृष्टी त्यावर पडली. चित्रपट गाजला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

याच चित्रपटात आणखी एक धाडस होते. फाळके यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम पुरुषाने केले होते. त्यानंतर ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले कॅमेऱ्यासमोर आल्या, तरी स्त्रियांनी सिनेमात काम करणे समाजाला मान्य नव्हतेच. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना ‘सैरंध्री’त घेतले. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. त्याची किंमत दोघींना मोजावी लागली. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. चित्रपटाचे श्रेय सांगताना या दोघींच्या वाट्याला काय आले, हे सहसा कुणी सांगत नाही.

सिनेमाच्या दिसण्यात कोणते बदल केले?

गंमत अशी, की आयुष्यभर पडदे रंगवलेल्या या माणसाने सिनेमातून रंगवलेला पडदा हद्दपार केला. कॅमेऱ्याला सपाट पडदा सपाटच दिसतो, हे त्यांच्यातल्या चित्रकाराने ओळखले होते. त्यामुळे खांब, भिंती, जिने असलेले, माणूस खरेच राहतो असे वाटणारे सेट त्यांनी उभारले. चित्रीकरणाआधी ते पात्रांचे पोशाख, त्यांची ठेवण, हालचाली कागदावर रेखाटत. म्हणजे चित्रपट आधी कागदावर दिसे, मग कॅमेऱ्यात उतरे. आज ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतात, त्याच्याशी हे नाते जुळते.

१९२३ चा ‘सिंहगड’ हा या शैलीचा मोठा टप्पा. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजीची भूमिका बाळासाहेब यादव यांनी केली आणि तरुण शांताराम शेलारमामा झाले. तोवर आपल्याकडचे चित्रीकरण सूर्यावर अवलंबून होते. ढग आले की काम बंद. ‘सिंहगड’साठी बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा प्रकाश वापरला आणि रात्रीच्या चढाईला रात्रीचे रूप मिळाले. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, त्यांच्या ‘कल्याण खजिना’ला लंडनजवळच्या वेम्ब्ली येथील प्रदर्शनात पदक मिळाले.

जाहिरातीतही त्यांची नजर वेगळी होती. चित्रपटाचे पोस्टर ते स्वतः रंगवत. नुसत्या अक्षरांच्या हस्तपत्रकांच्या जमान्यात रस्त्यावरच्या माणसाला थांबवणारी चित्रे त्यांनी दिली. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिकाही काढल्या. कोल्हापूर पुढे कित्येक दशके सिनेमाच्या पोस्टर-बॅनरसाठी ओळखले गेले, त्याची सुरुवात इथे आहे.

‘सावकारी पाश’ एवढा महत्त्वाचा का?

देव आणि राजे पडद्यावर धो-धो चालत होते. अशा वेळी १९२५ मध्ये बाबूरावांनी एका शेतकऱ्याची गोष्ट निवडली. कथा नारायण हरि आपटे यांची. सावकाराच्या कागदात अडकून जमीन गमावलेला शेतकरी गाव सोडून शहरात जातो आणि गिरणी कामगार होतो. शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली.

महाराष्ट्राला हा विषय नवा नव्हता. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जाचे कागद जाळले होते. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कायदा आला तरी अंगठा उठवणाऱ्याची फसवणूक थांबली नाही. कायद्याच्या पुस्तकात आणि कादंबरीत असलेले हे दुःख पडद्यावर मात्र कुणी आणले नव्हते. ओसाड झोपडी, मंद प्रकाश आणि रडणारे कुत्रे, एवढ्यातून बाबूरावांनी घराची दैना दाखवली. हे दृश्य पाहिलेल्यांच्या मनात ते अनेक वर्षे राहिले.

बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ १९५३ चा आणि मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ १९५७ चा. सावकार, गहाण जमीन आणि शहराकडे निघालेला शेतकरी ही पुढे हिंदी सिनेमाने अजरामर केलेली वाट कोल्हापूरच्या मूकपटाने जवळपास तीन दशके आधी चालून पाहिली होती. पण तिकीटबारीवर ‘सावकारी पाश’ला यश मिळाले नाही. दिवसभर राबून आलेल्या प्रेक्षकाला पडद्यावर पुन्हा आपलेच हाल पाहायचे नव्हते. कंपनीला पैसा हवा होता. बाबूराव पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक चित्रपटांकडे वळले.

शिष्य सोडून का गेले?

बाबूरावांचा पिंड कलावंताचा. एखादे दृश्य मनासारखे होईपर्यंत ते पुढे सरकत नसत. चित्र किंवा पुतळ्याच्या बाबतीत हा गुण ठरतो. चित्रपटात मात्र रोज पगार द्यावे लागतात आणि तारीख पाळावी लागते. हिशेब हा त्यांचा प्रांत नव्हता, तर पैसा घालणाऱ्या भागीदारांना हिशेबाशिवाय दुसरे काही दिसत नव्हते.

दुसरीकडे शिष्य तयार झाले होते. १९२७ मध्ये शांताराम यांनी कंपनीसाठी ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला, १९२८ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी ‘महारथी कर्ण’. यंत्र येते, सेट येतो, दिग्दर्शन येते, मग आपले घर का नको, असा विचार त्यांच्या मनात येणे अटळ होते. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सराफी व्यवसायातील सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. एका दमात महाराष्ट्र फिल्म कंपनीचे तंत्रज्ञ, दिग्दर्शक आणि नट बाहेर पडले.

याला दगा म्हणावे का? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. ‘प्रभात’च्या पाचांनी कंपनीतून नेली ती शिकलेली कला, आणि ती शिकवण्यात बाबूरावांनी कधी हात आखडता घेतला नव्हता. तिथला वस्तादाचा एकछत्री कारभार मात्र त्यांनी नेला नाही. ‘प्रभात’मध्ये मालक पाच होते, कामे वाटलेली होती आणि जमाखर्च पाहणारा माणूस पहिल्या दिवसापासून होता. गुरूकडे जे होते ते त्यांनी घेतले आणि जे नव्हते ते जोडले. इकडे भागीदारांशी मतभेद वाढत जाऊन बाबूरावांची स्वतःची कंपनी काही काळातच बंद पडली.

बोलपट आल्यावर काय झाले?

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला. १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी सिनेमा बोलू लागला. बाबूरावांना या बदलाची ओढ नव्हती. नुसत्या चित्रातून बोलण्याची जी भाषा इतक्या कष्टाने घडली, ती आवाजाच्या लोंढ्यात वाहून जाईल, अशी त्यांना भीती वाटत होती. ती अगदीच चुकीची नव्हती. सुरुवातीच्या बोलपटांत कॅमेरा खिळून राहिला आणि गाण्यांची रांग लागली. पण प्रेक्षकाला आवाज हवा होता.

कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनमधून बाबूराव परतले. १९३५ मध्ये ‘उषा’, १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’चा बोलपट आणि १९३७ मध्ये दुर्गा खोटे यांची भूमिका असलेला ‘प्रतिभा’. एकदा आपटलेली कथा त्यांनी अकरा वर्षांनी पुन्हा हाती घेतली. तो विषय त्यांना किती जवळचा होता, ते यावरून कळते. मात्र तोवर ‘प्रभात’ पुण्यात स्थिरावली होती. १९३६ चा दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ पुढे व्हेनिसला गौरवला गेला. शिष्य जगाच्या नकाशावर होते आणि गुरू गावात.

१९४७ मध्ये शांताराम यांच्या राजकमलसाठी ‘लोकशाहीर रामजोशी’चे दिग्दर्शन बाबूरावांकडे आले. कधीकाळी पडेल ते काम करणारा पोरगा आता निर्माता होता. अखेर चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावे लागली. जयराम शिलेदार, हंसा वाडकर आणि ग. दि. माडगूळकरांची लेखणी यांमुळे तो तुफान चालला. पण त्यात बाबूरावांचा वाटा कुठला, हे बहुतेक प्रेक्षकांच्या ध्यानातही आले नाही. पुढे एक-दोन चित्रपट झाले. बाकी वेळ ते चित्रे आणि शिल्पे यांत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे चित्रपट आज का पाहता येत नाहीत?

मूकपटांच्या काळातली फिल्म नायट्रेटची होती. ती भसकन पेट घेते आणि नीट जपली नाही तर चिकट होऊन शेवटी भुकटी होते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारच उरला नाही. जागा अडवणारे, आगीचा धोका असलेले डबे सांभाळायचे कशाला, असा व्यवहारी विचार झाला. फिल्ममधली चांदी काढण्यासाठीही अनेक प्रती नष्ट झाल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले, म्हणजे बाबूरावांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. तोवर फार उशीर झाला होता. त्यांच्या मूकपटांतले हाती उरले ते थोडेसे तुकडे. १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज कुणालाही पाहता येत नाही.

विस्मरणाचे खरे कारण इथे आहे. ‘संत तुकाराम’ फोनवर दिसतो, म्हणून दामले-फत्तेलाल आठवतात. ‘दो आँखें बारह हाथ’ दिसतो, म्हणून शांताराम आठवतात. ज्याचे काम दिसत नाही, त्याची थोरवी दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानावी लागते आणि तशी थोरवी पिढीगणिक पुसट होत जाते.

मग मागे काय उरले?

कोल्हापुरात त्यांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे आणि ती आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवते. खरी कॉर्नरला स्मारक आहे. ज्या आवारात ‘प्रभात’चा स्टुडिओ होता, तिथे १९६० पासून चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे आणि देशभरातली मुले तिथे कॅमेरा हाताळायला शिकतात. त्यांच्या शिक्षणाची वंशावळ मागे नेली, तर ती दामले, फत्तेलाल, शांताराम यांच्यामार्गे कोल्हापूरच्या त्या कंपनीत पोहोचते, जिथे कॅमेऱ्याचे भाग हाताने घासून बसवले गेले होते.

आज आपण रोज कितीतरी चित्रीकरण करतो आणि फोन बदलला की विसरून जातो. बाबूरावांच्या चित्रपटांचेही असेच झाले. ते वाईट होते म्हणून गेले नाहीत, जपायला कुणी नव्हते म्हणून गेले. मराठी घराघरांत, जुन्या थिएटरांच्या माळ्यांवर अजूनही पोस्टर, पुस्तिका, छायाचित्रे पडून असतील. ती रद्दीत जाण्याआधी संग्रहालयात पोहोचली, तर कलामहर्षींचे थोडे काम तरी पुन्हा डोळ्यांना दिसेल.